ढगात उतरलेलं विमान

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला गळ घालणार नाही. वेलिना माझी सख्खी मावशी. आयुष्यात ती एकदाच खोटं बोलली, आणि तेसुद्धा याच प्रसंगात.

जागा आमचंच गाव, यालिसोम. वेळ भर दुपारची.

हो, दुपारची. रात्र असती तर एक वेळ म्हटलं असतं, झोपेत भास झाला.

आमच्या गावाला रस्ता नाही. खाली नदी, वर कडे, आणि मधे उतारावर गवताची धावपट्टी. आजारी माणूस बाहेर जातो तो छोट्या विमानानं. तेही ढग उघडला तर.

त्या आठवड्यात ढग उघडलाच नव्हता.

वेलींचा पूल पुरानं तोडून नेला होता. ऊन नाही, म्हणून रेडिओची बॅटरी मेली होती. आणि मावशीचा नवरा, ओबेदकाका, केवड्याच्या जातीच्या उंच झाडावरून फळं काढताना खाली पडला होता. मांडीचं हाड मोडलेलं. पाय सुजून काळानिळा पडलेला. अंगात ताप.

ढग कधी फाटेल सांगता येत नाही, म्हणून चौघांनी त्याला काठ्यांच्या डोलीत घालून धावपट्टीच्या कडेच्या छपराखाली आणून ठेवलं.

"ओबेदभाऊ, केवढा जड झालायस रे! यापेक्षा लग्नाचं डुक्कर हलकं असतं," चौघांतला नाफ्ताली म्हणाला.

"डुकराला वाहून नेल्यावर खाता तरी येतं," काका कळ सोसत म्हणाला. सगळे हसले.

मग ते चौघे रताळी भाजून आणायला घरांकडे गेले. घरं हाकेच्या अंतरावर.

मावशी तिथंच थांबली. तिच्या पाठीवर कपाळावरून सोडलेली विणलेली झोळी होती, आणि झोळीत नोमी झोपलेली. नोमी तिच्या पोटची नव्हती. काकाची थोरली बहीण डोर्कास बाळंतपणात अडली, तेव्हा तिला विमानानं शहरात नेलं होतं. परत आलं ते नुसतं बाळ. डोर्कासला तिकडेच पुरलं. मावशीचं स्वतःचं तान्हं त्याच सुमारास गेलं होतं. तिनं नोमीला छातीशी धरलं, ती धरलीच.

ढग आणखी खाली आला. आधी झाडं गेली. मग धावपट्टी. मग डोलीचं पायाकडचं टोकसुद्धा दिसेना.

आणि तेवढ्यात...

घरघर.

खालून, नदीच्या बाजूनं, विमान वर येत होतं.

मावशी उठून उभी राहिली. असल्या ढगात? वैमानिक वेडा झालाय का?

विमानाचा आवाज आला की आमचं गाव कसं उसळतं! पोरं ओरडत धावतात, कुत्री त्यांच्यामागं, बायका हातातलं टाकून येतात.

कुणीच ओरडलं नाही.

चाकं ओल्या गवतावर टेकली. खडखडत चढ चढून आली. इंजिन बंद झालं.

दार उघडल्याचा आवाज...

"नाफ्ताली! अरे, विमान आलं! या लवकर!" मावशी जीव खाऊन ओरडली.

तिचा आवाज तोंडासमोरच विरून गेला. जणू तोंडावर कुणी ओलं गवत दाबलं होतं.

मग ढगातून हसू आलं. बारीकसं, नाकातल्या नाकात. बोलण्याआधी असं हसायची सवय गावात एकाच बाईला होती.

"वेलिना... ओबेदला आण गं. जागा आहे."



काकानं डोळे उघडले. "ताई आली," तो म्हणाला. "उचल मला."

"गप्प पडा. ताई नाहीये ती."

"अगं, मला नेते म्हणतेय. इथं सडू का मी?"

मावशी काय करणार? घरांकडे धावावं, तर हा एकटा पडतो. इथं राहावं, तर... आणि धावायचं तरी कुठल्या दिशेनं? चारी बाजूंना पांढरं.

ओल्या गवतात पावलं वाजली. अनवाणी. एकाची नाही, पुष्कळांची. कुणी खोकलं. तो खोकला मावशीनं ओळखला. छातीच्या दुखण्यानं विमानात घातलेल्या म्हाताऱ्या यारुकचा. तोही परत आला नव्हता.

डोलीचं पायाकडचं टोक हळूच वर उचललं गेलं.

मावशीनं डोक्याकडच्या काठ्या घट्ट धरल्या. डोली ओढली जाऊ लागली. तिच्या टाचा चिखलात घसरत चालल्या. छप्पर मागं राहिलं. शेवटी तिनं सरळ काकाच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं आणि डोळे मिटून घेतले.

"जड आहे रे," कुणीतरी म्हणालं.

"तिलाही घ्या," दुसरा आवाज.

त्या धक्क्यानं नोमी जागी झाली. रडायला लागली.

पावलं थांबली.

बराच वेळ काहीच नाही. नुसतं त्या पोरीचं रडणं.

मग अगदी कानाजवळ...

"कुणाचं गं बाळ?"

वन्सं म्हणून जिच्याबरोबर ती एका चुलीवर जेवली होती, तीच विचारत होती. आई विचारत होती.

"माझं," मावशी म्हणाली. "माझंच आहे, वन्सं. तुमचं... तुमचं तुमच्याबरोबरच गेलं."

डोली धाडकन खाली पडली. काका किंचाळून बेशुद्ध झाला.

इंजिन पुन्हा घरघरलं. आवाज उताराला लागला, दरीत गेला, आणि संपला.

नाफ्ताली आणि बाकीचे गरम रताळी घेऊन आले, तर डोली धावपट्टीच्या मधोमध. "वहिनी, एकटीनं ओढलीस?" चिखलात पावलं फक्त मावशीची होती. विमान कुणीच ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ढग फाटला. खरं विमान आलं. काका गेला, आणि सावकाश का होईना, लंगडत परत आला.

मावशीनं ती गोष्ट बरेच महिने काढली नाही. एकदा चुलीपाशी तिनं विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला काही दिसलं होतं का?"

काकानं काठीनं निखारे पुढं सारले.

"तू डोळे मिटले होतेस," तो म्हणाला. "ताईनं झोळीत हात घातला. पोरीचं तोंड बघितलं. हसली. माझ्या कानात म्हणाली, चालायला लागू दे तिला."

नोमी आता पाच वर्षांची आहे. गावातली सगळी पोरं धावपट्टीवर खेळतात, मोकळी जागा तेवढीच. नोमीला तिथं पाय टाकायची परवानगी नाही. तिला शहरातल्या शाळेत पाठवा, असं मास्तर म्हणतात. मावशी ऐकून घेते आणि रताळी खणायला निघून जाते. इथून बाहेर पडायचा दुसरा मार्ग आहे कुठं?

अलीकडेच एकदा मी मावशीकडे होतो. दुपारी ढग उतरला. मावशीनं बोलता बोलता उठून दार लावलं, फळी आडवी घातली, आणि नोमीला मांडीवर ओढलं.

मग मलाही ऐकू आली ती घरघर.

काकानं माझ्याकडे बघितलं नाही. मावशीनं नोमीच्या दोन्ही कानांवर हात दाबून धरले.

पोर जराही घाबरली नव्हती. उलट वैतागली होती.

"आई, हात काढ ना," ती म्हणाली. "ती काय सांगतेय, ऐकू येत नाहीये मला."