सव्वीस नंबरचा बिल्ला

युनियनच्या ऑफिसात बाकं दोन आणि बसणारे वीस. सात महिने मी तिथल्या भिंतीला पाठ घासली. पुलाच्या कामावर माणूस घ्यायचा तो युनियनचा बिल्ला बघूनच, आणि बिल्ले संपलेले. घरी बायको दोन-दोन पाळ्या करून वाळत चाललेली. शेवटी सेक्रेटरी वैतागले. माझे लांबचे मामाच ते.

"भिंतीचा रंग गेला रे तुझ्यामुळे," म्हणाले. खणातून त्यांनी एक पितळी बिल्ला काढला, पण हातात देईनात. "सव्वीस. हा परत कुणाला द्यायचा नाही, असं ठरलं होतं."

"का?"

"आधीचा खड्ड्यात खाली राहिला, वरून काँक्रीट पडलं. दोस्ताला वाटलं, चहाला गेला असेल, कशाला खाडा पडू द्यायचा. त्याच्या वतीनं तोच 'वर' म्हणाला."

"द्या, मामा," मी म्हणालो.

पुलाच्या खांबांसाठी विहिरीसारखे खड्डे होते, तीन पुरुष खोल. काँक्रीट ओतण्याआधी युनियनचा प्रतिनिधी काठावर उभा राहून नंबर पुकारी. ज्यानं त्यानं आपल्याच तोंडानं 'वर' म्हणायचं. त्या मरणानंतर युनियननं भांडून घेतलेला हा नियम.

लेक माझ्या गाण्याशिवाय झोपत नाही. काम लागलं त्या संध्याकाळी मी तिच्या गाण्याला नवी ओळ जोडली :

नीज गं साळू, पापणीला दार,
बाबा येईल गं, खालून वर.

पहिल्या दिवशी प्रतिनिधीनं पुकारलं, "सव्वीस?" मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी म्हणालं, "वर."

घशात माती अडकल्यासारखा आवाज. नव्या माणसाची थट्टा चाललीय, असं वाटून मी हसलो. दुसरं कुणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी शेजारचा म्हातारा वेल्डर म्हणाला, "सुटला की घसा तुझा! पहिल्या दिवशी पार बसला होता."

"मी बोललोच नाही, दादा."

त्यानं मला बाजूला ओढलं. "प्रतिनिधीला सांग."

सांगितलं असतं, तर बिल्ला गेला असता. मी घमेलं उचललं.

आठव्या दिवशी तळाचा गाळ काढायला उतरलो. घमेलं भरलं, दोर हलवला. माणसं वर ओढणारा पाळणा काही येईना. वर मिक्सर घुरघुरत होता.

"चोवीस?"

"वर."

"पंचवीस?"

"वर."

"खाली! मी खाली आहे!" मी ओरडलो. गोल भिंतींनी आवाज गिळला.

"सव्वीस?"

"वर."

माझाच आवाज. शेवटी किंचित चिरकणारा, हुबेहूब.

मिक्सरची पन्हळ खड्ड्यावर फिरली. पहिला लगदा खांद्यावर पडला. थंडगार.

मी घमेलं खांबाच्या उभ्या लोखंडी गजांवर बडवत सुटलो. त्याच गजांच्या वरच्या टोकाला वेल्डरचा हात होता. हाताला थरथर लागली, तसा तो किंचाळला, "थांबवा!"

मला वर ओढलं, तेव्हा प्रतिनिधीचे ओठ पांढरे पडले होते. "आत्ता तर माझ्या शेजारी होतास."

त्याच्या शेजारी ओल्या मातीत दोन बुटांचे ठसे होते. चवडे खड्ड्याकडे. परत फिरलेलं पाऊल एकही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तो खड्डा भरून टाकला.

घरी लेकीला थोपटत गाणं म्हटलं. "बाबा, मोठ्यानं म्हण ना," ती म्हणाली.

"घसा बसलाय त्याचा. झोप तू," बायको म्हणाली.

सकाळी नवा खड्डा, नवी हजेरी. आज मी सगळ्यांच्या आधी श्वास भरून घेतला.

"सव्वीस?"

मी जीव खाऊन "वर" म्हणालो.

माझे ओठ तेवढे हलले.

"वर," आवाज आला तो मागून, कालच्या खड्ड्यातून, घट्ट झालेल्या काँक्रीटखालून. वेल्डरनं हेल्मेट काढून छातीशी धरलं. मिक्सर बंद झाला.

मग त्या शांततेत, खालून, माझ्याच आवाजात, थोपटल्यासारखं, हळूहळू ऐकू येऊ लागलं :

नीज गं साळू, पापणीला दार...