ठिबकच्या नळीचे चार तुकडे

वळणावर गाडी उलटली, टपावर घसरत गेली आणि थेट राजनंदिनीच्या पायाशी येऊन थांबली. डिंगोऱ्याच्या नव्या डांबरी रस्त्यानं ही पोरगी ठिबकच्या नळ्या घेऊन टोमॅटोच्या वावराकडं निघाली होती. तिनं ती रिमोटची छोटी गाडी उचलली, चाकं दाबून बघितली... आणि हसली.

"पावणं, ही ढेकळातली गाडी हाय. डांबरावर एवढी उंच उभी केली तर आडवी व्हनारच."

रिमोट हातात धरून पळत आलेल्या गोरखचं तोंड बघण्यासारखं झालं. निरगुडसरचा हा गडी, पुण्याच्या कंपनीतनं सुट्टी काढून मामाकडं आलेला. रविवारी जुन्नरला मंगल कार्यालयाच्या फरशीवर मित्रांसोबत अशाच गाड्यांची शर्यत होती, सोमवारी परत पुणं. मग आता करायचं काय, असं त्यानं गुमान विचारलं. उद्या दुकानात या म्हणाली.

बापाच्या ठिबकच्या दुकानात तिनं गाडीचे चारही शॉकअप खोलले. बारीक नळीचे चार तुकडे कापून आतल्या दांड्यांवर चढवले, म्हणजे शॉकअप पुरते उघडणार नाहीत अन् गाडी खाली बसेल. पातळ तेल काढून दाट भरलं, स्प्रिंगा कडक घातल्या. पट्टी नाही, टेप नाही, सगळं माप नखावर! चारही तुकडे तंतोतंत सारखे. गोरखनं कंपनीत मोठमोठी मशिनं बघितली होती, पण असे हात... तो तिच्याकडं बघतच राहिला. डोळे वर न करता ती म्हणाली, "गाडीकडं बघा, राव."

रविवारी गाडी प्रत्येक वळण जमिनीला चिकटून घेत गेली. गोरख दुसरा आला, पण त्याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. पोरगी मनात पक्की बसली होती, आणि हातात उरली होती एकच संध्याकाळ. गाडी घेऊन तो दुकानात आला.

"ही परत उंच करून द्या."

"का? कशी झ्याक पळती की."

"ही पळवत तुमच्या वावराकडं यायचंय... वाटंत बांध लई हायेत." त्याचे कान लाल झाले. "तुमी मला लई आवडता."

राजनंदिनीनं चाकं नखानं फिरवून बघितली. मग तिनं गाडी हळूच त्याच्याकडं सरकवली.

"उंच नाय करायची. बांधावरनं चोरून येनारा मला नको. रस्त्यानं या — घरच्यांना घेऊन."

सोमवारी पुण्याची एसटी गोरखशिवाय सुटली. आईबापाला घेऊन तो त्याच वळणावरनं डिंगोऱ्यात शिरत होता.