साखरबाईचे शब्द

दर दुसऱ्या शनिवारी सारिका डेमू गाडीनं केडगावहून दौंडला येते, माझ्या खाटेवर मोबाइल ठेवते आणि मला शब्द विचारते. माणसांनी घरच्या घरी रचलेल्या भाषा कशा बदलतात, यावर ती पीएच.डी. करतेय. असल्या गोष्टीवर डिग्री मिळते, हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं.

आमची भाषा माझ्या बायकोनं, साखरबाईनं रचली. रेल्वे क्वार्टरच्या एका खोलीत आई-वडील, आम्ही दोघं, आणि मध्ये एक पडदा. नव्या जोडप्यानं बोलायचं तरी कसं? मांडवगणला मेंढरं राखत वाढलेली पोर ती. तिनं महिन्याभरात चाळीस शब्द केले आणि मला पाठ करायला लावले. मिठाला ‘तिसू’, सासूला ‘गडमी’. मी एकही शब्द केला नाही. सिग्नल खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस मी. दुसऱ्यानं ठरवलेल्या खुणा बिनचूक पाळणं, एवढंच मला जमतं.

साखरबाईला जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्यानंतर ती भाषा मी कुणाशी बोललो नाही. एकेक शब्द विसरत जाईन आणि तिचं उरलंसुरलंही जाईल, या भीतीनंच मी सारिकाला घरात घेतलं.

परवा आल्यावर ती नुसती वही चाळत बसली. समोरचा चहा निवून गेला.

“रखमाआबा, एकट्या माणसाची भाषा आटत जाती. मी दहा घरं बघितली, सगळीकडं तसंच. तुमची वाढतीय.”

“म्हंजी?”

“मागच्या वर्षी दोनशे अकरा शब्द होते. आता दोनशे चाळीस हायेत.” तिनं मोबाइल उचलून दाखवला. “ह्याला काय म्हणता?”

“लुबकी,” मी पटकन म्हणालो.

साखरबाई गेली तेव्हा आमच्या घरात मोबाइल नव्हता.

“हा शब्द कुणी केला, आबा?”

मला राग आला. “आलं आसंल तोंडाला!” मी म्हटलं. पण मला शब्द करता येत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

मग तिनं दोन रेकॉर्डिंग लावली. पहिल्यात मी ‘तिसू’ म्हणतो. अलीकडच्यात ‘तिस्सूऽऽ’. सगळेच शब्द तसे, ताणून, मोठ्यानं.

“बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलताय. घरात कुणाला कमी ऐकू येतं का?”

“घरात हाय कोण?”

साखरबाई सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली. कान चांगले तिखट होते तिचे. आज असती तर सहासष्टची असती. तिच्या आईला साठीनंतर ऐकू यायचं बंद झालं होतं.

मी मागं वळून बघितलं.

“आन् हे एक,” सारिका म्हणाली. “मागच्या खेपेला मी चहा ठेवायला आत गेले, तवा रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं.”

आवाज माझाच. आमच्या भाषेतलं एक वाक्य. शब्द कळत होते, पण ते बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

मग शांतता. कुणीतरी उत्तर द्यावं एवढा वेळ.

मग मी हसलो. अगदी पोट धरून.

त्या हसणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटला.

“काय म्हणालात?” सारिकानं विचारलं.

“गोळीची येळ झाली, आसं.”

तिनं वहीत नीट लिहून घेतलं.

मी म्हणालो होतो, ‘हळू बोल, पोरगी ऐकतीय.’