सोळाव्या घरातला फरक

पाणपोईची नवी आवृत्ती मंगळवारी आली आणि शुक्रवारी भूषण टिळेकर ईशानी केळुसकरच्या दारात उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"माझी बायको परत द्या," ते म्हणाले.

पाणपोई म्हणजे कुणीही फुकट घ्यावा असा, स्वयंसेवकांनी चालवलेला लिनक्सवरचा सॉफ्टवेअरचा साठा. पक्षाघाताने मेंदूचा एखादा भाग गेला की कवटीत 'सेतू' नावाची चिप बसवत. गेलेल्या भागाचं काम ती गणित करून भागवी, आणि चाले पाणपोईवर. ते गणित करणाऱ्या लायब्ररीचं पॅकेज, म्हणजे उतरवलं की चालू लागणारं तयार गाठोडं, ईशानी बांधायची. पगार नाही, आभार क्वचित. दोष मात्र घरपोच.

आजवर ती एकच साधं पॅकेज बांधत असे, जुन्यात जुन्या चिपवरही चालणारं. नव्या चिपची निम्मी ताकद त्यात वाया जाई. या खेपेला तिने नव्या चिपसाठी वेगळं पॅकेज बांधलं. भूषणकाकांच्या बायकोच्या, स्नेहलच्या, डोक्यात सेतू होता. त्यांचं उत्तर येईतो पूर्वी चहा निवायचा. आता समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्या बोलत.

"वेग वाढला हे चांगलंच ना, काका?"

"वेगाचं कोण बोलतंय? रोज संध्याकाळी समोर बसून माझी पेटी ऐकायची ती. काल म्हणाली, बेसूर वाजवता, मी सोलापूरला भावाकडे चालले. कायमची!"

"वाजवता का बेसूर?"

"तो प्रश्नच नाही!"

ईशानीला हसू आलं, पण कारण तिच्या लक्षात आलं.

"असं आहे काका, चिप आकडा दशांशाच्या ठरावीक घरांपर्यंतच धरते, पुढचं सोडून देते. लांबलचक बेरीज जुनं पॅकेज एकामागून एक करायचं. नवं आठ-आठ आकडे एकदम उचलतं. क्रम बदलला की काय सुटतं तेही बदलतं. उत्तरात सोळाव्या घरात फरक पडतो."

"सोळाव्या? एवढ्याशानं काय होतंय?"

"एरवी काहीच नाही. पण सेतू तेच उत्तर पुन्हा पुन्हा स्वतःलाच भरवतो. फरक वाढत जातो. एखादी आवड काठावर असेल, तर तेवढ्यानं पारडं फिरतं."

पॅकेज बांधतानाच्या चाचणीने तो फरक पकडला होता. नवं उत्तर जुन्याशी जुळेना म्हणून पॅकेज अडलं होतं. तेव्हा पॅकेज बांधणारे सगळे करतात तेच ईशानीने केलं. चाचणीत फरकाला असलेली सूट थोडी वाढवली, आणि चाचणी पास झाली.

"मग खरी कुठली? आधीची की ही?"

"दोन्ही सारख्याच बरोबर. ताडून बघायला आजाराच्या आधीच्या काकू हव्यात."

"ते मला कळत नाही. जुनं बसवा. आत्ता!"

"त्याला माझी संमती लागते," जिन्यातून आवाज आला. स्नेहल टिळेकर नवऱ्यामागोमाग चढून आल्या होत्या. "आणि मी देणार नाही. जुनं बसवलं की पेटी ऐकणारी ती येईल. मी कुठं जाऊ?"

"अगं, ती तूच होतीस!"

"मग तिला विचारा. विचारायचं तर आधी आणावं लागेल. आणि एकदा आली की तीही जायला तयार व्हायची नाही."

ईशानीला भीती वाटली. हे पॅकेज हजारो डोक्यांत उतरलं होतं. तक्रारी आल्या त्या नवऱ्यांच्या, बायकांच्या, मुलांच्या. सेतू असलेल्या एकाही माणसाची नव्हती.

स्नेहल जिना उतरू लागल्या आणि दुसऱ्याच पायरीवर थांबल्या.

"पुढची आवृत्ती कधी गं?"

ईशानीला खोटं बोलावंसं वाटलं. "सुरक्षेत एक फट सापडलीय, काकू. बुजवली नाही तर कुणीही आत शिरेल. गुरुवारी सगळं नव्यानं बांधायचंय."

"आणि बेरजेचा क्रम?"

"तो कंपायलर ठरवतो, कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. तोच राहील असं नाही."

स्नेहलनी कठडा घट्ट धरला. "माझ्यापुरतं थांबवता येईल?"

"सुरक्षेच्या आवृत्तीला संमती लागत नाही, काकू. ती आपोआप उतरते."

"म्हणजे गुरुवारी पेटी पुन्हा आवडेलही!" भूषणकाका हरखून म्हणाले, आणि बायको आपल्याकडे अशी का बघतेय ते त्यांना समजेना.