हाएनमधला मे महिना

"जिभेखाली धरून ठेवा. गिळेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही!" डॉक्टरबाईंनी बजावलं आणि औषधाचे थेंब सोडले.

आरासेलीनं ओठ घट्ट मिटले. स्पेनमधल्या हाएनच्या शाळेत गाणं शिकवणाऱ्या तिला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतला रापलेला, उंचापुरा तरुण तिच्याकडे वळला.

"ऑलिव्हच्या परागांचा त्रास?"

तिनं मान डोलावली.

"मग माफ करा हं... गावाबाहेरची निम्मी झाडं आमचीच आहेत."

तिला हसू फुटलं. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, कसेबसे थेंब गिळून ती ओरडली, "बाई, हा माणूस छळतोय मला!"

"फेर्मिन, आ कर. आता तुझी पाळी," डॉक्टरबाई हसल्या.

"अय्या! ऑलिव्हवाल्यालाच ऑलिव्हची अ‍ॅलर्जी?"

"सगळा गाव हसतो. तुम्हीही हसा... छान हसता."

पहिला डोस, म्हणून दोघांनाही अर्धा तास तिथंच बसायचं होतं. तिची जीभ जरा खाजत होती. तेवढं चालायचंच, असं बाई म्हणाल्या.

"पण ज्या परागांचा त्रास, तेच रोज तोंडात घ्यायचे?" आरासेलीनं विचारलं.

"पराग दिसले की तुमचं शरीर दरोडा पडल्यासारखं अंगावर धावून जातं," बाई समजावू लागल्या. " मग नाक गळतं, श्वास कोंडतो. जिभेखालून रोज थोडी थोडी ओळख करून दिली, की हळूहळू त्याला कळतं, हा चोर नाही, शेजारी आहे. मात्र तीन वर्षं नेमानं घ्यायचं. आणि श्वासाचा पंप जवळ हवाच."

मग रोज सकाळी फेर्मिनचा फोन. "घेतलेस थेंब?" "घेतले. तू?" "विसरलो होतो..." "गाढव आहेस!"

पहिल्या मेमध्ये ऑलिव्हचा मोहर फुलला आणि तिची छाती भरलीच. दरवर्षीसारखी ती समुद्राकाठी कादिझला, मावशीकडे पळाली. पण या खेपेला तिथल्या मोकळ्या हवेतही तिला काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या वसंतात कादिझच्याच शाळेनं तिला कायमची नोकरी देऊ केली. फेर्मिनचा चेहरा उतरला.

"तिथं तुला श्वास घेता येतो," तो हळूच म्हणाला. "मी कुठल्या तोंडानं थांब म्हणू?"



मे आला. टेकड्यांवर फुलोरा पिवळसर धुरासारखा तरंगू लागला. फेर्मिन झाडांत काम करत होता. वळून पाहतो तर समोर आरासेली! केस वाऱ्यावर, नाक किंचित लाल.

"वेडी आहेस का? पंप कुठंय?"

"पिशवीत. सकाळपासून लागलेला नाही." तिनं खोल श्वास घेतला... आणखी एक. छातीत शीळ नाही, काही नाही! "दोनदाच शिंकले, फेर्मिन! दोनदाच!"

"म्हणजे... आता कादिझ?"

"कळवलं त्यांना. येत नाही म्हणून."

"औषध संपायचंय म्हणून?"

"औषध काय, कादिझलाही घेता येतं!" ती चिडून म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. "तू तिथं मिळत नाहीस ना..."

फेर्मिननं बोलायला तोंड उघडलं आणि तो शिंकला. लागोपाठ, धडाधड! आरासेली पोट धरून हसत सुटली. शेवटी त्यानं नाक पुसलं, तिचे दोन्ही हात धरले आणि इतके दिवस म्हणायचं राहिलेलं 'थांब' तिच्या कानात सांगितलं.