दुपारपाळीत गोठणारा संगणक

आरमोरीच्या धान खरेदी केंद्रातला टोकनचा संगणक त्या दुपारी पुन्हा गोठला, आणि केंद्रचालक गोपालभाऊंनी दुपारी त्यावर बसणाऱ्या रोशनला कामावरून काढायचं ठरवलं. काढण्याआधी त्यांनी ब्रह्मपुरीहून उर्वशी मडावीला बोलावलं, तेवढं तरी बरं केलं. संगणकातल्या लबाड्या हुडकणं हा उर्वशीचा धंदा. तिचा मदतनीस अतुल जीपमधून उतरला तो प्रवासानं आंबूनच.

दाराशी चपलांची रांग होती. माणसं झाडाखाली.

माणूस चहाला गेला तरी चपलेनं नंबर राहतो, गोपालभाऊंनी सांगितलं. टोकनचा प्रोग्राम लिहिणाऱ्या अजयनं तोही तसाच केला होता. शेतकरी इकडंतिकडं गेला तरी प्रोग्रामातल्या नंबर पुकारणाऱ्या फळ्यानं त्याला धरून ठेवायचं.

गोपालभाऊंचा संशय सरळ होता. सकाळी दीपिका बसते, संगणक चालतो. दुपारी रोशन बसतो, गोठतो. त्या गोंधळात तो आपल्या गावच्यांना पुढं घुसवतो.

दीपिका म्हणाली, सकाळी ती संगणक सुरू करते, पुढचं तिला ठाऊक नाही. एकदा जेवणाआधी वीज गेली, संगणक नव्यानं सुरू करावा लागला. त्या दिवशी मात्र दुपारही नीट गेली.

रोशन खाली बघत होता. "बाजाराच्या दिवशी सारे बाजारात, इथं गर्दी नसते. तवाही मीच बसतो, ताई. तवा काऊन नाई गोठत? काम जाईल ते जाईल, पण रांगेत माहे सोयरे उभे असतात. ते मले चोर म्हणून राह्यले."

अतुलला रोशनच चोर वाटला. थकलेल्या माणसाला जवळचं उत्तर आवडतं.

उर्वशीनं मात्र सकाळीच धानाचं माप होऊन घरी गेलेल्या लटारू या शेतकऱ्याचं नाव संगणकात शोधलं. तो अजून फळ्याच्या ताब्यात होता. तिनं सगळ्यांना बोलावलं.

"प्रोग्राम प्रत्येक शेतकऱ्यासाठी एक वस्तू, म्हणजे त्याच्या माहितीचं गाठोडं, घडवतो," ती म्हणाली. "ती स्मृतीत जागा अडवते. काम संपलं, कोणी धरलेली नसली, की संगणक ती आपोआप झाडून टाकतो. धरलेलीला हात लावत नाही. इथं फळा कोणालाच सोडत नाही. सकाळपासून साचतं, दुपारी जागा संपते."

"अन् वीज गेली तवा?" अतुलनं विचारलं.

"सगळं पुसलं गेलं, मोजणी नव्यानं सुरू. बाजाराच्या दिवशी साचण्याइतके लोकच येत नाहीत."

"पण अजयसारखा पोरगा हे चुकला कसा?"

"दाराशी बघ ना. माप झालं की माणूस आपली चप्पल आपणच घालून जातो, ती उचलायला कोणाला सांगावं लागत नाही. प्रोग्रामात सांगावं लागतं. माप झालं की फळ्यानं सोडायचं, एवढं एक वाक्य राहिलं."

गोपालभाऊंनी घाम पुसला. "उद्यापासून ये, रोशन."

"येतो, भाऊ. पण बाहेरच्याहिले कोण सांगन?"

गोपालभाऊ खुर्चीतून उठले, पुकाऱ्याचा माइक हातात घेतला, आणि झाडाखालच्या माणसांना जवळ बोलावलं.