बेलाच्या कुंडीतली पिशवी

ऋतुजा औशाच्या बसस्टँडासमोरच्या किराणा दुकानात शिरली पाव किलो गुळासाठी, आणि बाहेर पडली पैज लावून.

"मॅडम, ही पिशवी मातीत विरते," दुकानदार सोमेश म्हणाला.

"किती दिवसांत?"

"सहा महिने! न्हाई विरली, तर दुकानावर पाटी लावा... सोमेश थापाड्या म्हणून."

रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीला हे असलं सांगू नये. तिने गूळ पर्समध्ये कोंबला आणि पिशवी तिथेच, दारातल्या बेलाच्या कुंडीत पुरली. मग दर महिन्याला ती लातूरहून यायची. सोमेश खुरपं पुढे करायचा, मग चहा. पिशवी मळकी, पण धडधाकट!

सहाव्या महिन्यात ती पाटी रंगवूनच घेऊन आली. उद्या पीएच.डी.साठी नांदेड. पाटी ठोकली की औसा संपलं... पाटी उगीचच जड लागत होती.

"लाव, पोरी," गल्ल्यावरून सोमेशची आई नागम्मा म्हणाली. "ह्यानं कुंडीला घातलं तेवढं पाणी बापालाबी पाजलं न्हाई!"

"आधी पुरावा." ऋतुजाने कुंडीतून पिशवी उकरली आणि तिचा तुकडा कापून पाण्याच्या ग्लासात बोटाने दाबला. तो टुणकन वर आला.

"ही तुमची नाहीच! तुमची कंडेन्सेशन पॉलिमरची. ती बुडते, पाणी आणि जिवाणू तिच्या गाठी सोडवतात. हे पॉलिथिन, अ‍ॅडिशनवालं, गाठी न सुटणारं. हे आपल्या नातवंडांनाही असंच सापडेल."

"आपल्या?"

तिचे कान तापले. "खरी पिशवी कुठंय?"

"तिला तिसऱ्याच महिन्यात भोकं पडायला लागली होती. म्हटलं, विरली तर तुम्ही कशाला येता... साखरेच्या पोत्यातलं प्लास्टिकचं अस्तर पिशवीसारखं कापून पुरलं."

"आणि थापाड्याची पाटी लागली असती, तर?"

"लागू द्या की. ठोकायला तर तुम्हीच आला असता."

ऋतुजाने पाटी हळूच उलटी ठेवली. "मातीत पॉलिथिन पुरलंत. शिक्षा म्हणून दर महिन्याला नांदेडला यायचं."

"येतो!... मॅडम, आपलं कोणतं? अ‍ॅडिशन की कंडेन्सेशन?"

तिने त्याच्या घामाने डबडबलेल्या कपाळाकडे पाहिलं.

"कंडेन्सेशन. त्यात जुळताना पाणी सुटतं."

मग स्वतःचा रुमाल त्याच्या हातात देत म्हणाली, "सुती आहे. हा मात्र पुरू नका."